हॅपी बर्थडे, पाचगणीकर!

रॉकच्या कॅलेंडरमध्ये रोज कुणाचा ना कुणाचा वाढदिवस असतोच. पण ५ सप्टेंबरची तारीख पुण्यापासून फक्त शंभर किलोमीटरवर येऊन थांबते. आणि तिथून सुरू झालेला माझा शोध चक्क खडकीत जाऊन संपला!

सकाळी सहा वाजता लोक काय करतात? कुणी तळजाईला पळायला जातं, कुणी हिंजवडीची कंपनी बस पकडायला धावतं, आणि उरलेले शहाणे लोक झोपतात. मी मात्र दोन वर्षं रोज सकाळी सहाच्या ठोक्याला कुणाचा तरी बर्थडे साजरा करायचे. किंवा कुणाचं तरी श्राद्ध घालायचे!

मास कॉमची डिग्री हातात पडल्यावर मिळालेलं ते पहिलं काम. एका म्युझिक अ‍ॅपसाठी रोज एक 'आज रॉकमध्ये' लिहायचं. आज कुणाचा जन्म, कोण गेलं, कुठला अल्बम आला, कुठला बँड फुटला. शब्दमर्यादा साठ. सुट्टी नाही, कारण तारखांना सुट्टी नसते. २७ नोव्हेंबरला जिमी हेंड्रिक्स जन्माला आलेलाच असतो, मग त्या दिवशी तुम्हाला ताप असो की सख्ख्या मावसबहिणीचं लग्न असो.

सुरुवातीला जाम भारी वाटायचं. ऑफिसला निघालेला कुणीतरी पोरगा चांदणी चौकातल्या ट्रॅफिकमध्ये माझ्या चार ओळी वाचतोय आणि मग तो अल्बम लावतोय, हा विचारच मस्त होता. माझ्या मित्रमंडळींत मी 'चालतं-बोलतं कॅलेंडर' झाले. "९ ऑक्टोबर?" "जॉन लेनन, १९४०." "२९ नोव्हेंबर?" "जॉर्ज हॅरिसन गेला, २००१." पार्टीत हा आयटम हमखास हिट!

बरं, हा छंद फक्त माझा एकटीचा नाही. तुमच्या ऑफिसातही एखादा असा असणारच. बॉसचा बर्थडे विसरेल, पण १३ जुलै आली की सकाळी सकाळी ग्रुपवर लाइव्ह एडचा व्हिडिओ टाकेल. १९८५ मध्ये वेम्बलीच्या स्टेजवर क्वीननं वाजवलेली ती वीस-एकवीस मिनिटं. बघणाऱ्यांपैकी निम्मे तेव्हा जन्मालाही आले नव्हते. तरीही ती तारीख 'आपली' वाटते. असं का होतं, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं.

तारीख पे तारीख

हे काम करताना एक गोष्ट पटकन लक्षात आली. तारीख ही आपण समजतो तेवढी पक्की वस्तू नाही!

लेननचंच घ्या. त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या ८ डिसेंबर १९८० च्या रात्री, न्यूयॉर्कमध्ये, अकराच्या सुमाराला. पण त्या वेळी आपल्याकडे ९ डिसेंबरची सकाळ उजाडली होती. पुण्यात लोक ऑफिसला निघाले होते. मग पुण्यातल्या चाहत्यानं मेणबत्ती कधी लावायची? आठला की नऊला?

हॅरिसनची तर आणखी गंमत. जगभरात त्याचा वाढदिवस २५ फेब्रुवारीला साजरा व्हायचा. पुढे त्यानंच सांगितलं, की आपला जन्म २४ तारखेच्या रात्री, मध्यरात्र उलटायच्या काही मिनिटं आधी झालाय. म्हणजे एवढा मोठा बीटल, आणि त्याचा वाढदिवस इतकी वर्षं एक दिवस उशिरा!

आणि फ्रेडी मर्क्युरी. क्वीनचा तो मिशीवाला, मूठ आभाळात उगारणारा बादशहा. आपल्याला एड्स झाल्याचं त्यानं २३ नोव्हेंबर १९९१ ला जाहीर केलं आणि दुसऱ्याच दिवशी, २४ नोव्हेंबरला, लंडनमधल्या घरी तो गेला. वय फक्त ४५. वेळ संध्याकाळी पावणेसातच्या आसपास. लंडन आणि आपल्यात नोव्हेंबरमध्ये साडेपाच तासांचा फरक. आता बोटं मोजा. आपल्या घड्याळात बारा वाजून गेले होते. म्हणजे जगासाठी फ्रेडी २४ ला गेला, पण पुण्यात आणि पाचगणीत तेव्हा २५ तारीख लागलेली होती.

पाचगणी? मध्येच पाचगणी कुठून आली?

तेच तर सांगायचंय.

कापलेली ओळ

फ्रेडीची ५ सप्टेंबरची एंट्री मी दोन वर्षांत दोनदा लिहिली. दोन्ही वेळा साधारण अशी : जन्म १९४६, झांझिबार. मूळ नाव फारोख बलसारा. १९७० मध्ये लंडनला क्वीनची स्थापना. १९७५ मध्ये 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी', ब्रिटनमध्ये सलग नऊ आठवडे नंबर वन. १९८५ मध्ये लाइव्ह एड. १९९१ मध्ये मृत्यू. झाले साठ शब्द. संपला माणूस!

पहिल्या ड्राफ्टमध्ये एक ओळ जास्तीची होती. 'शालेय शिक्षण महाराष्ट्रात, पाचगणीला.' शब्द जास्त होत होते, म्हणून ती कापली. कुणी सांगितलं नव्हतं, मीच कापली. दुसऱ्या वर्षीही तीच कापली. कारण बाकीच्या सगळ्या गोष्टींना तारीख होती आणि पाचगणीला नव्हती. कॅलेंडरचा नियमच तो. ज्याला तारीख नाही, त्याला जागा नाही.

आता त्या कापलेल्या ओळीत काय काय होतं, ते बघा.

बलसारा हे पारशी कुटुंब. आडनाव बलसारवरून, म्हणजे आजच्या गुजरातमधल्या वलसाडवरून. वडील बोमी झांझिबारला ब्रिटिशांच्या सरकारी नोकरीत कॅशियर. मुलगा आठ वर्षांचा झाला तेव्हा आईवडिलांनी त्याला बोटीनं समुद्रापार पाठवलं, पाचगणीच्या सेंट पीटर्स या बोर्डिंग स्कूलमध्ये. आठ वर्षांचा! आपण त्या वयात बुटाची लेस बांधायला आईला हाक मारतो.

तिथं तो टेबल टेनिस खेळला, बॉक्सिंगच्या रिंगमध्ये उतरला. वरच्या जबड्यात चार दात जास्त, त्यामुळे दात पुढे. पोरांनी लगेच नाव ठेवलं 'बकी'. होस्टेलला राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. आणि 'फारोख'चं 'फ्रेडी' झालं तेही तिथंच. म्हणजे ज्या नावानं पुढे अख्खं वेम्बली ओरडलं, ते नाव त्याला सह्याद्रीतल्या त्या डोंगरावर मिळालं.

आणि पियानो! मुलाच्या बोटांत काहीतरी आहे, हे शाळेत कुणाच्या तरी लक्षात आलं. हेडमास्तरांनी झांझिबारला पत्र लिहून कळवलं, की थोडी जादा फी भरलीत तर याला संगीताचं नीट शिक्षण देता येईल. घरच्यांनी हो म्हटलं. फ्रेडीनं पियानोच्या चौथ्या ग्रेडपर्यंतच्या परीक्षा दिल्या, प्रॅक्टिकल आणि थिअरी दोन्ही.

बारा वर्षांचा असताना, १९५८ मध्ये, तो शाळेतल्या चार दोस्तांबरोबर एका बँडमध्ये वाजवू लागला. नाव 'द हेक्टिक्स'. क्लिफ रिचर्ड, लिटल रिचर्ड यांची तेव्हाची गरमागरम गाणी ही पोरं वाजवायची. आता खरी गंमत ऐका. या बँडचा मुख्य गायक फ्रेडी नव्हताच! तो मान ब्रूस मरे नावाच्या मुलाचा. फ्रेडी बाजूला पियानोवर, मागून सूर धरायला. ज्याच्या आवाजापुढे नंतर जग वेडं झालं, तो शाळेत कोरसमध्ये होता.

बाकीच्यांचं काय झालं? गिटारवाला डेरिक ब्रांच पुढे ब्रिटनमध्ये अभिनेता झाला. 'माय ब्यूटिफुल लाँड्रेट' या १९८५ च्या गाजलेल्या सिनेमात तो आहे. बासवर फरांग इराणी होता. आणि ड्रम्स बडवणारा व्हिक्टरी राणा नेपाळच्या लष्करात लेफ्टनंट जनरल झाला. सायप्रसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचं त्यानं नेतृत्व केलं. एक बँड, एक रॉकस्टार, एक नट आणि एक जनरल. असा रियुनियनचा ग्रुप फोटो कुणाकडे असणार!

हे सगळं माझ्या साठ शब्दांत नव्हतं.

स्वारगेट ते टेबललँड

ते काम सोडून आता मी फ्रीलान्सिंग करते. म्हणजे काय, तर सकाळी सहाला उठायची सक्ती नाही आणि महिन्याच्या शेवटी पगाराचीही खात्री नाही. पण गेल्या वर्षी सप्टेंबर लागला आणि ती कापलेली ओळ पुन्हा डोक्यात वाजायला लागली. म्हटलं, चला. यंदा बर्थडे लिहायचा नाही, बघून यायचं.

पाच तारखेला सकाळी स्वारगेटवरून महाबळेश्वरची एसटी पकडली. कानात क्वीन, खिडकीबाहेर पाऊस. कात्रज गेलं, खंबाटकी गेला, सुरूर फाट्याला गाडी वाईकडे वळली. वाई सोडलं की पसरणी घाट. ज्यांनी पावसाळ्यात पसरणी घाट पाहिला नाही त्यांनी एकदा कानातलं काढून ठेवून तो बघाच. एका वळणावर खाली धोमचं पाणी दिसतं आणि पुढच्या वळणावर ढगात शिरल्यावर स्वतःचा हातही दिसत नाही. मनात आलं, झांझिबारच्या समुद्रकिनाऱ्यावरून आलेल्या त्या आठ वर्षांच्या पोराला हा घाट पहिल्यांदा चढताना काय वाटलं असेल?

पाचगणीला उतरले तेव्हा धुकं इतकं, की शाळेच्या रस्त्याला लागूनही शाळा दिसेना. आत गेले नाही. शाळा म्हणजे काही म्युझियम नाही. वर्ग चालू असताना मोबाईल घेऊन डोकावणं बरं दिसत नाही. मी आपली टपरीवर चहा घेत उभी राहिले. टपरीवाल्या काकांनी एकदाच माझ्या टी-शर्टकडे पाहिलं. म्हणाले, "फ्रेडीवाले का?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"पिक्चर आल्यापासून येतात की. सप्टेंबरला येतात, नोव्हेंबरला येतात. चहा पितात, फोटो काढतात, जातात."

पिक्चर म्हणजे २०१८ चा 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'. रामी मालेकला ऑस्कर मिळवून देणारा. त्यातली फ्रेडीची गोष्ट थेट लंडनमध्येच सुरू होते. तरी लोक त्यातली न दाखवलेली जागा शोधत इथं येतात, हे मला भारी वाटलं.

पण एक प्रश्न तिथं धुक्यात उभं राहून पडला, आणि तो तुमच्यापुढे ठेवते. आपण त्याला 'आपला' म्हणायचं का? फ्रेडी पाचगणीबद्दल फारसं कधी बोलला नाही. १९६४ मध्ये झांझिबारमधल्या क्रांतीनंतर कुटुंब इंग्लंडला गेलं आणि पुढे त्यानं आडनावही बदलून मर्क्युरी केलं. क्वीन कधी भारतात वाजवायला आली नाही. ज्यानं स्वतः मागे वळून पाहिलं नाही, त्याच्या गळ्यात आपण 'भूमिपुत्र' म्हणून हार घालायचा, हे जरा अतीच नाही का?

माझं उत्तर असं आहे. फ्रेडी आपला नाही. पण त्याला बसवून पियानो शिकवणारं माणूस मात्र नक्की आपल्या शेजारचं. झांझिबारला पत्र लिहिणारे ते हेडमास्तर आपल्या शेजारचे. आणि त्यांच्यासाठी रॉकच्या कुठल्याच कॅलेंडरमध्ये तारीख नाही.

हे डोक्यात चालू असताना लांब कुठल्याशा शाळेतून माइक टेस्टिंगचा आवाज आला. "हॅलो, हॅलो, एक, दोन, तीन…" मग टाळ्या, मग भाषण. मला वाटलं, कसला कार्यक्रम? आणि मग ट्यूब पेटली. ५ सप्टेंबर. शिक्षक दिन!

डॉ. राधाकृष्णन यांचा जन्मही ५ सप्टेंबरचाच, १८८८ चा. ते राष्ट्रपती झाले त्या वर्षापासून, म्हणजे १९६२ पासून, हा दिवस शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. तो पहिला शिक्षक दिन होता फ्रेडीच्या सोळाव्या वाढदिवशी. दोन वर्षं मी या तारखेला रॉकच्या चष्म्यातून बघत होते आणि दुसरी बाजू समोर असून दिसली नव्हती.

फोन काढला. शाळेच्या ग्रुपवर बाईंना, सरांना फुलं आणि पेन टाकलेले फॉरवर्ड्स वाहत होते. मीही एक फूल टाकलं. आणि अचानक आठवलं, ज्या माणसानं मला हे सगळं वेड लावलं ते या कुठल्याच ग्रुपमध्ये नाहीत.

खडकीचे सर

आठवीत असताना मी गिटार शिकायला जायचे. खडकी बाजाराच्या मागे, दोन खोल्यांचं घर. सर दारूगोळा कारखान्यात नोकरीला. तरुणपणी कॅम्पातल्या पार्ट्यांत आणि लग्नांत गिटार वाजवायचे. शनिवारी संध्याकाळी आम्ही चार-पाच पोरं, त्यात मी एकटी मुलगी. बोटांना घट्टे पडले नाहीत तर फी परत, असा त्यांचा जोक होता. क्वीन, झेपेलिन, पिंक फ्लॉइड ही नावं मी पहिल्यांदा ऐकली ती त्या खोलीत, कॅसेटवर. दहावी आली, क्लास सुटला. आईला म्हटलं होतं, परीक्षेनंतर परत जाईन. गेले नाही.

आणि विचार करा, जगातल्या तीनेकशे रॉकस्टार्सचे वाढदिवस तोंडपाठ असलेल्या मला सरांचा वाढदिवस माहीत नव्हता!

टपरीवरूनच फोन लावला. नंबर बंद. क्लासमधल्या एका मित्राला मेसेज केला. त्याचं उत्तर आलं, "अगं, सरांना दोन वर्षांपूर्वी अ‍ॅटॅक आला पॅरॅलिसिसचा. डावा हात गेला. तुला माहीत नव्हतं?"

डावा हात. गिटारच्या मानेवर जो हात सूर धरतो, तो.

परतीच्या एसटीत क्वीन लावलं नाही. पुढच्या रविवारी खडकीला गेले. गल्ली तीच, घर तेच. सर खुर्चीत बसले होते, डावा हात मांडीवर ठेवलेला. मला वाटलं ओळखणार नाहीत. तर बघितल्या बघितल्या म्हणाले, "काय गं, परीक्षा संपली वाटतं तुझी!"

हसावं की रडावं कळेना. मुलीनं चहा केला. मी पाचगणीची सगळी हकिगत सांगितली. घाट, धुकं, हेक्टिक्स, कोरसमधला फ्रेडी. २०२३ मध्ये लंडनला त्याच्या वस्तूंचा लिलाव झाला आणि ज्या यामाहा पियानोवर तो गाणी बांधायचा, तो सतरा लाख पौंडांच्या वर गेला, हेही सांगितलं. सर शांतपणे ऐकत होते. शेवटी म्हणाले, "पियानो गेला सतरा लाखांना. आणि ज्यानं पोराला पियानोवर बसवला, त्याचं नाव छापलंस का तू?"

"नाही सर."

"मग काय उपयोग! अगं, गाणारा दिसतोच. त्याला सुरात कुणी आणला ते बघावं." मग जरा थांबून, "आणि त्या क्वीनचा ड्रमर ऐक नीट. सगळे गाणाऱ्याकडे बघतात. टाइम कोण सांभाळतोय?"

असे सर. अजून तसेच.

निघताना विचारलं, "सर, तुमचा वाढदिवस कधी असतो?"

"दाखल्यावर १ जून."

तुमच्या आजोबांचा किंवा काकांचाही दाखल्यावरचा वाढदिवस १ जूनच असेल, बघा विचारून! शाळेत नाव घालताना तारीख सांगता आली नाही, की गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. सरकारी नोकरीत पहिल्या तारखेला जन्मलेला माणूस आधीच्या महिनाअखेरीला निवृत्त होतो. त्यामुळे सर ३१ मेला रिटायर झाले. ज्या तारखेला जन्मलेच नव्हते, तिच्या आदल्या दिवशी!

"आणि खरा?"

"खरा कुणाला माहीत? पानशेत फुटलं तेव्हा मी पहिलीत. आई म्हणायची, हरतालिकेच्या रात्री झालास. शेजारपाजारच्या बायका जागरणाला बसल्या होत्या, दुसऱ्या दिवशी गणपती. म्हणून घरात कुणाला झोप नाही, तुझ्यामुळे आणि त्याच्यामुळे."

मी दोन वर्षं ज्या तारखांवर पोट भरलं, त्या सगळ्या एका रांगेत उभ्या केल्या तरी असा वाढदिवस सापडला नसता. न्यूयॉर्कची रात्र, लंडनची संध्याकाळ, लिव्हरपूलची मध्यरात्र, आणि खडकीतलं हरतालिकेचं जागरण. माणूस जन्मतो तेव्हा तारीख नसते, घरात जागी असलेली माणसं असतात. तारीख नंतर कुणीतरी लिहितं. कधी कारकून, कधी गुरुजी आणि कधी साठ शब्दांच्या हिशेबात अडकलेली माझ्यासारखी एखादी.

आपल्याला त्या परक्या तारखा 'आपल्या' का वाटतात, याचं उत्तरही मला बहुतेक तिथंच मिळालं. १३ जुलै मला आवडते ती वेम्बलीमुळे नाही. एका शनिवारी संध्याकाळी खडकीच्या खोलीत कुणीतरी कॅसेट लावून "आता गप्प बसून ऐका" म्हणालं होतं, म्हणून आवडते. तुमचंही असंच काहीतरी असेल. मोठ्या भावाचा वॉकमन, होस्टेलचा रूममेट, रेकॉर्ड उसनी देणारा शेजारचा काका. स्टारचा बर्थडे हे निमित्त असतं. आठवण त्या माणसाची असते.

घरी आले आणि मोबाईलमध्ये रिमाइंडर लावायला घेतलं. 'सरांचा बर्थडे, दरवर्षी रिपीट.' फोननं विचारलं, तारीख?

आता काय टाकणार! हरतालिका दरवर्षी वेगळ्या तारखेला. शेवटी दुकानातून एक कालनिर्णय आणलं, स्वयंपाकघराच्या दाराला टांगलं आणि पेनानं गोल केला. दर वर्षी नवीन आणावं लागणार, दर वर्षी शोधावं लागणार.

चालेल. तेवढं तर करूच शकते.

---

चौकट : रॉकच्या कॅलेंडरवर आपला महाराष्ट्र

* जानेवारी १९६८ : जॉर्ज हॅरिसन मुंबईत. एचएमव्हीच्या स्टुडिओत भारतीय वादकांबरोबर 'वंडरवॉल म्युझिक'चं रेकॉर्डिंग. अल्बम त्याच वर्षी बाजारात.
* १९७२ : लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत. स्थानिक वादकांना घेऊन आपली दोन गाणी नव्यानं वाजवून पाहिली.
* ७ एप्रिल २००३ : रोलिंग स्टोन्स मुंबईत, ब्रेबॉर्न स्टेडियमवर.
* डिसेंबर २०१० : एनएच७ वीकेंडर हा फेस्टिव्हल पहिल्यांदा भरला, तो आपल्या पुण्यात.
* १५ डिसेंबर २०१९ : यू-टूचा भारतातला पहिला कॉन्सर्ट, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर.
* ५ सप्टेंबर, दरवर्षी : फ्रेडीचा बर्थडे आणि शिक्षक दिन. २०१६ मध्ये त्याच्या सत्तराव्या वाढदिवसानिमित्त एका लघुग्रहाला 'फ्रेडीमर्क्युरी' हे नाव मिळालं. क्रमांक १७४७३. त्या दिवशी गाणं नंतर लावा, आधी एक फोन करा. कुणाला, ते तुम्हाला माहितीये.